ती नाव, ते नाव

उच्चार एक आणि अर्थ भिन्न अशा शब्दांचे उदाहरण द्यावयाचे झाले की मी वर्गात बहुधा 'नाव' हा शब्द घेते. 'ती नाव' म्हणजे होडी आणि 'ते नाव' म्हणजे माणसाची ओळख. पहिली स्त्रीलिंगी, तिचे अनेकवचन 'नावा'. दुसरे नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन 'नावे'. पहिली संस्कृत 'नौ' या शब्दापासून आली. दुसरे 'नाम' या शब्दापासून आले. 'ग्राम'चा 'गाव' झाला त्याच वाटेने 'नाम'चे 'नाव' झाले: दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'म'चा 'व' झाला आणि त्या 'म'मधील अनुनासिकाचा अंश आधीच्या स्वरावर रेंगाळला. म्हणून जुन्या छापील पुस्तकांत आपल्याला 'नांव' आणि 'गांव' असे लेखन आढळते. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा होडी आणि ओळख यांना कागदावर वेगळे ठेवणारा तो एक ठिपकाही गेला. आता कोणती 'नाव' अभिप्रेत आहे हे वाक्यातील संदर्भच सांगतो.

वर्गात हे उदाहरण देताना मुले हसतात, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळता येते. परंतु गेल्या दोन वर्षांत हे दोन शब्द माझ्या घरातील जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी येऊन बसले आहेत. माझी लेक चोवीस वर्षांची आहे. कायद्याची पदवी घेतल्यानंतर ती आणि तिच्या वयाची दहाबारा मुले-मुली मिळून एक काम करतात. समुद्रात नाव भरकटली आणि परक्या देशाच्या तुरुंगात गेली, तर त्या नावेवरच्या माणसांची नावे शोधणे, ती नीट लिहिणे आणि त्यांच्या घरी पोहोचवणे, असे त्या कामाचे थोडक्यात वर्णन करता येईल. ती मुले त्याला शांततेचे काम म्हणतात. या निबंधात मला त्या कामाविषयी आणि ते पाहताना आईच्या मनात जे उमटते त्याविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे.

प्रथम हे काम कशामुळे उभे राहते ते पाहू. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी या तालुक्यांतून दर वर्षी अनेक पुरुष गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर खलाशी म्हणून जातात. त्यांत वारली आणि इतर आदिवासी समाजांतील माणसे मोठ्या संख्येने असतात. पावसाळ्यात मासेमारीवर बंदी असते. ती उठली की मुकादम गावात येतो, हातात उचल ठेवतो आणि माणसे ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ अशा बंदरांकडे निघतात. बोट मालकाची, हुकूम तांडेलाचा आणि श्रम खलाशाचे. मासळी ज्या बाजूला मिळेल त्या बाजूला बोट जाते. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीतील सीमारेषेचा वाद दोन्ही देशांत अद्याप मिटलेला नाही. त्या खाडीपुढच्या समुद्रातील सीमाही त्यामुळे निश्चित झालेली नाही. पाण्यावर कुंपण घालता येत नाही. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची गस्तनौका समोर येते, बोट ताब्यात घेतली जाते आणि खलाशी कराचीच्या मलीर येथील तुरुंगात पोहोचतो. तिकडच्या इब्राहिम हैदरीसारख्या कोळी वस्त्यांतील माणसांच्या वाट्याला हेच येते. फक्त त्यांचा तुरुंग गुजरातमध्ये असतो.

लेकीकडून मी यातील कायद्याची बाजू शिकले. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात 73 वे कलम आहे. किनाऱ्यालगतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम कोणी मोडला, तर संबंधित देशांमध्ये तसा करार नसताना त्याला कैदेची शिक्षा देऊ नये आणि तारण घेऊन बोट व माणसे लवकर सोडावीत, असे ते कलम सांगते. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी तो करार स्वीकारलेला आहे. दोन्ही देशांमध्ये 21 मे 2008 रोजी आणखी एक करार झाला. त्यानुसार दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलै या दिवशी दोन्ही सरकारे आपापल्या तुरुंगांतील परदेशी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की एका महिन्यात कैद्याला परत पाठवावे, असेही त्यात म्हटले आहे.

वाचताना हे सोपे वाटते. परंतु 'राष्ट्रीयत्वाची खात्री' या दोन शब्दांत माणसांची वर्षे जातात. तुरुंगातील माणूस आपले नावगाव सांगतो. ते ऐकणारा कारकून उर्दू किंवा सिंधी बोलणारा असतो. तो ते आपल्या कानाने ऐकतो आणि रोमन लिपीत उतरवतो. मग ती यादी दिल्लीत येते, तेथून राज्याकडे आणि राज्याकडून पोलीस ठाण्याकडे जाते. शेवटी एक हवालदार पाड्यावर येऊन विचारतो की, या नावाचा माणूस येथे राहतो का? अनेकदा उत्तर येते, नाही.

आपण भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून हे 'नाही' कसे तयार होते ते पाहण्यासारखे आहे. रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ' एकाच अक्षराने लिहिले जातात. 'न' आणि 'ण', 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' यांचीही तीच गत. उर्दूला 'ळ' ठाऊक नाही. त्यात वारली बोलीचे उच्चार शाळेतील मराठीपेक्षा निराळे. घरी माणसाला हाक मारतात ते नाव एक असते, शिधापत्रिकेवर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे. पाड्याचे नाव गावकऱ्यांच्या तोंडी एक आणि महसुली कागदावर दुसरे. चार कानांतून आणि तीन लिप्यांतून गाळून आलेले नाव पाड्यावर पोहोचते तेव्हा ते कोणाचेच राहिलेले नसते.

हा अनुभव आपल्याला सर्वस्वी अपरिचित नसावा. आपल्यापैकी अनेकांनी बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा प्रवेश घेतला असेल. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव, लग्नानंतरचे नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नाही, म्हणून प्रतिज्ञापत्र करून देण्याची वेळ आपल्यावर आली असेल. त्या दिवशी आपण रांगेत उभे राहिलो, शंभर-दोनशे रुपये खर्च झाले आणि काम झाले. अक्षराची तीच चूक दुसऱ्या एखाद्या माणसाला आणखी एक हिवाळा तुरुंगात ठेवू शकते, हे मात्र माझ्या ध्यानी लेकीच्या कामामुळे आले.

रविवारी पहाटे ती वसईहून डहाणूची लोकल गाठते. पिशवीत पाण्याची बाटली, शाईचा ठसा घेण्याचे पॅड आणि एक जाडजूड वही असते. पाड्यावर गेल्यावर ती आधी चहा घेते, मग ओसरीवर बसते आणि घरातील सर्वांना एकच प्रश्न विचारते: "त्यांना घरी काय म्हणून हाक मारता?" वहीत एकेका माणसापुढे चार-पाच नावे लिहिलेली असतात. बापाने ठेवलेले, मुकादमाने लिहून घेतलेले, बोटीवरचे सोबती म्हणतात ते, शाळेच्या दाखल्यावरचे. मग कागद गोळा करणे, ग्रामपंचायतीचा दाखला मिळवणे, अर्ज करणे, पुन्हा अर्ज करणे. कराचीतील काही तरुण वकिलांशी या मुलांचा परिचय आहे. ते तिकडच्या बाजूने हेच करतात. इब्राहिम हैदरीच्या एखाद्या आईने सांगितलेले नाव आमच्या लेकीच्या वहीत येते आणि तलासरीच्या एखाद्या बाईने सांगितलेले नाव त्यांच्या वहीत जाते.

एकदा तिने मला काम सांगितले. "आई, एकच नाव इतक्या निरनिराळ्या पद्धतींनी का लिहिले जाते, हे साहेबांना समजेल अशा भाषेत एका पानात लिहून दे." मी चाळीस पानांचे शोधनिबंध लिहिले आहेत, पण ते एक पान लिहिण्यास मला दोन रात्री लागल्या. मूर्धन्य, दंत्य, अनुनासिक या संज्ञा मी एकेक करून काढून टाकल्या. शेवटी उरले ते असे: ऐकणाऱ्याच्या भाषेत जो ध्वनी नाही, त्याच्या जागी तो आपल्या भाषेतील जवळचा ध्वनी लिहितो, म्हणून ही पाच लेखने एकाच माणसाची असू शकतात. ते पान आता तिच्या अर्जांना जोडलेले असते. माझ्या विषयाने आजवर माझी नोकरी चालवली, मला मान दिला. या पानामुळे तो विषय कोणाच्या तरी ओसरीपर्यंत गेला, याचे समाधान निराळे आहे.

येथे 'शांतता' या शब्दाकडे वळू. मराठीत हा शब्द दोन कामे करतो. वाचनालयाच्या भिंतीवर 'शांतता राखा' असे लिहिलेले असते, रुग्णालयाजवळ 'शांतता क्षेत्र' असते आणि विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या नावातील शांतताही गप्प राहण्याचीच आहे. दुसरीकडे 'शांतता समिती', 'शांततेचा करार', 'शांततेचे नोबेल' या प्रयोगांत युद्धाचा किंवा दंगलीचा अभाव असा अर्थ येतो. मन आणि धर्मविधी यांच्यासाठी आपण 'शांती' राखून ठेवली. समाजासाठी मात्र गप्प राहणे आणि न लढणे या दोहोंना एकच शब्द दिला. त्यामुळे शांततेचे काम करणारा माणूस म्हणजे तोंड मिटून बसलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात माझ्या घरातील ही शांततावादी मुलगी दिवसभर बोलत असते. फोनवर, कार्यालयांत, पोलीस ठाण्यात, पाड्यावर. शांतता राखण्यासाठी किती बोलावे लागते हे मी तिच्याकडे पाहून शिकले.

तिच्या कामाची कसोटी 2025 च्या उन्हाळ्यात लागली. 22 एप्रिल रोजी पहलगाम येथे 26 माणसांची हत्या झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. अटारीची चौकी बंद झाली. मे महिन्याच्या आरंभी दोन्ही देशांत शस्त्रे चालली आणि 10 मे रोजी ती थांबली. त्या दिवसांत लेक प्रथम आमच्या भागातील शोकसभेला गेली आणि मेणबत्ती घेऊन सर्वांसोबत उभी राहिली. तिला त्या दुःखात आणि आपल्या कामात विसंगती वाटली नाही. परंतु आमच्या इमारतीतील एका ज्येष्ठ गृहस्थांना ती वाटली. जिन्यात भेटले तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, आपली माणसे मारली जात आहेत आणि तुमची मुलगी तिकडच्या कैद्यांसाठी कागद लिहिते. हे शोभते का?"

हा प्रश्न हिणवण्यासाठी विचारलेला नव्हता. त्यांचे भाऊ सैन्यात होते. अशा प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर उद्धट ठरते. मी त्यांना संध्याकाळी चहाला बोलावले. लेकीने त्यांच्यापुढे वही ठेवली. "काका, तिकडे अडकलेली आपली माणसे ही आहेत. त्यांनी कोणाला मारले नाही आणि आपल्याकडे अडकलेल्या त्यांच्या कोळ्यांनीही नाही. ज्यांनी मारले त्यांना शिक्षा व्हावी असे मलाही वाटते. पण त्यांची शिक्षा या माणसांनी का भोगावी? इकडून एक सुटला की तिकडून एक सुटण्याची वाट सोपी होते. म्हणून दोन्हीकडचे कागद लिहावे लागतात." काकांनी वही बराच वेळ चाळली. आपल्याच जिल्ह्यातील गावांची नावे ते बोट ठेवून वाचत होते. त्यांना सगळे पटले असे मी म्हणणार नाही. जाताना ते इतकेच म्हणाले, "अक्षर चांगले आहे तुझे. सांभाळून राहा, बाळ."

सांभाळून राहा, हे मलाही म्हणावेसे वाटत होते. आईच्या मनातील अभिमान एकटा येत नाही. धास्ती त्याचे बोट धरून येते. त्या महिन्यांत ती उशिरा परतली की मी दाराकडे पाहत बसत असे. तरीही तिने थांबावे, असे मी म्हटले नाही. ज्या घरात मुलीला विचार करण्यास शिकवले, त्या घराने तिच्या विचाराचे ओझे थोडे उचलले पाहिजे.

1 जुलै 2025 ही तारीख आली. चौकी बंद होती, दोन्ही देशांतील बोलणे जवळजवळ थांबलेले होते, आणि तरीही त्या दिवशी ठरल्याप्रमाणे दोन्ही सरकारांनी याद्या एकमेकांना दिल्या. भारताने आपल्या ताब्यातील 382 नागरी कैद्यांची आणि 81 मच्छीमारांची नावे दिली. पाकिस्तानने 53 नागरी कैद्यांची आणि 193 मच्छीमारांची. त्याच वर्षीच्या जानेवारीत पाकिस्तानच्या यादीतील मच्छीमार 217 होते. फेब्रुवारीत 22 जण सुटून घरी आले होते. तोफा नुकत्याच थंड झालेल्या असताना एक कागद इकडून तिकडे गेला आणि एक तिकडून इकडे आला. त्या कागदावर फक्त नावे होती. युद्धाच्या बातमीपुढे ही बातमी वर्तमानपत्रात अगदी लहान होती. लेकीने मात्र ती कापून वहीत चिकटवली.

मराठी साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण पु. य. देशपांडे यांचे नाव ऐकले असेल. 'बंधनांच्या पलीकडे' या कादंबरीने त्यांनी आपल्या काळातील वाचकांना अस्वस्थ केले. त्यांची कन्या निर्मला देशपांडे विनोबांच्या भूदान पदयात्रेत सहभागी झाल्या, राज्यसभेच्या सदस्य झाल्या आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी अथक काम केले. 2000 साली, म्हणजे कारगिलच्या युद्धाला वर्षही झालेले नसताना, त्या स्त्रियांची एक बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या होत्या. वडिलांनी कादंबरीच्या शीर्षकात लिहिलेले शब्द मुलीने रस्त्यावर उतरून जगून दाखवले, असे मला वाटते.

आता त्या भावनेला काय म्हणावे, हा भाषेचा प्रश्न उरतो. हिंदीत 'गर्व' मिरवता येतो. मराठीत मात्र गर्वाचे घर खाली असते. उलट 'अभिमान' मराठीत चांगला आहे, देशाभिमान, स्वाभिमान असे सन्मानाचे शब्द त्यापासून झाले. हिंदीत तो बहुधा अहंकाराकडे झुकतो. 1973 च्या 'अभिमान' या हिंदी चित्रपटाचे शीर्षक त्याच अर्थाचे आहे. म्हणजे दोन शेजारणींनी एकमेकींचे शब्द उलटे घेतले. परंतु दोन्ही शब्दांत 'मी' आहे. माझी मुलगी, माझे संस्कार, माझे घर. मुलांनी 'आईबापाचे नाव काढले' असे आपण म्हणतो, तेव्हाही नाव आईबापाचेच मोठे होत असते.

मराठीत तिसरा शब्द आहे: कौतुक. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, उत्सुकता. जुन्या मराठीत तो नवलाकडे वळला आणि आज त्यात माया मिसळली. कौतुक करताना आपण समोरच्याकडे पाहतो, स्वतःकडे नव्हे. त्यात थोडे आश्चर्य शिल्लक असते: हे हिला कसे सुचले, ही अशी कशी झाली? मला लेकीविषयी जे वाटते ते या शब्दात अधिक नेमके बसते. तिने माझे नाव काढावे अशी माझी इच्छा नाही. ती ज्यांची नावे काढते आहे, म्हणजे याद्यांच्या ढिगाऱ्यातून शोधून काढते आहे, त्यांची नावे मोठी व्हावीत. मराठीतील 'नाव काढणे' या वाक्प्रचाराला तिने मूळ क्रियापदाचा अर्थ परत मिळवून दिला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून, घर चालवून, कदाचित मोठ्या झालेल्या मुलांच्या शेजारी बसून हा अभ्यास करीत असाल. आपली मुले काय करतील हे आपल्या हाती नसते. ती आपल्याला न सुचलेले काही करू लागली, तर त्यांना काय करता हे विचारण्याआधी ते समजून घेण्यास थोडा वेळ द्यावा. आणि आपले स्वतःचे एक काम आजच करता येईल. आपल्या गावात, वाडीत, कार्यालयात ज्यांना लिहिता येत नाही अशांचे अर्ज आपल्याकडे भरून मागितले जात असतील. तेव्हा त्या माणसाला घरी काय म्हणून हाक मारतात ते विचारा, नाव त्यालाच दोनदा उच्चारावयास सांगा, 'ळ' असेल तर 'ळ'च लिहा आणि लिहिलेले त्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने मान डोलावली की मगच पुढील रकान्याकडे वळा.